डब्लिनची डायव्हिंग बेल
डब्लिनची डायव्हिंग बेल : आयर्लंडमधील डब्लिन बंदराचे धक्के बांधताना पाण्याखालचा तळ सपाट करण्यासाठी वापरलेली, खालून उघडी असलेली लोखंडी कोठडी. १८७१ ते १९५८ या काळात ती कामात होती आणि आता लिफी नदीच्या दक्षिण काठावर, सर जॉन रॉजर्सन्स की या धक्क्यावर ती जतन केलेली आहे. बंदराचे अभियंते बिंडन ब्लड स्टोनी (१८२८–१९०९) यांनी तिचा आराखडा केला. (‘इलेक्ट्रॉन’ ही संज्ञा देणारे जॉर्ज जॉनस्टन स्टोनी हे त्यांचे थोरले बंधू.)

धक्क्याची भिंत कोरड्यात बांधायची, तर नदीत तात्पुरता बांध घालून पाणी उपसावे लागते. स्टोनींनी हा खर्च टाळला. सुमारे ३५० टन वजनाचे काँक्रीटचे ठोकळे काठावर ओतायचे, ते तरंगत्या यारीने उचलून न्यायचे आणि नदीच्या तळावर एकाला लागून एक बसवायचे, अशी त्यांची पद्धत होती. या कामावरील निबंधासाठी त्यांना १८७४ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेचे टेलफर्ड पदक मिळाले. कौतुक बहुधा ठोकळ्यांच्या आकाराचे होते. पण एवढे वजन बसवायचे तर खालचा तळ आधीच समपातळीत हवा, आणि ते काम बेलमध्ये उतरलेल्या मजुरांच्या हातांवर अवलंबून होते.

ही कोठडी चौरस असून तिची बाजू सुमारे ६ मीटर आणि उंची सुमारे २ मीटर आहे. जहाजाला टांगलेली बेल तळावर टेकवली, की जहाजावरून दाबाने सोडलेली हवा आतले पाणी खालच्या कडेबाहेर ढकलीत असे आणि नदीचा तळ उघडा पडे. कोठडीच्या माथ्यावरून पाण्याबाहेर जाणाऱ्या अरुंद नळीतून मजूर आत उतरत. आतला दाब कमी होऊ नये म्हणून वाटेत दोन झडपांमधला हवाबंद कप्पा ओलांडावा लागे. आत उकाडा असे, कान दुखत, आणि म्हणून पाळी साधारण अर्ध्या तासाचीच ठेवलेली होती.

नदीच्या उत्तर काठावरील नॉर्थ वॉल या धक्क्याचा विस्तार आणि १८८५ मध्ये खुले झालेले, जहाजे नांगरण्याचे अलेक्झांड्रा बेसिन ही या पद्धतीची मुख्य कामे होत. २०१५ मध्ये डागडुजी करून बेल पोलादी आधारांवर उचलून बसवण्यात आली, त्यामुळे आता तिच्याखाली उभे राहून आतला भाग पाहता येतो. मात्र ती टांगणारे जहाज शेजारी नसल्यामुळे, ही अवजड पेटी नदीभर हलवली कशी जाई, हे नुसत्या पाहण्याने उमगत नाही.