शिकारी कंपाउंड धनुष्य : बाणाची लांबी आणि रेस्टची जुळणी

कंपाउंड धनुष्यासाठी बाण किती लांब कापायचा आणि तो ज्या आधारावर टेकतो तो ‘रेस्ट’ कुठे व किती उंचीवर बसवायचा, हे ठरवण्याची रीत. हे दोन निर्णय वेगळे मानले जातात, पण ते एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत. रेस्टची जागा पक्की झाल्याशिवाय बाणाची लांबी सांगता येत नाही. ‘ओढ 29 इंच, म्हणून बाणही 29 इंच’ हा सोपा हिशेब कधीकधी जमून जातो, पण तो बरोबर आहे म्हणून नव्हे.

कंपाउंड धनुष्य ही अमेरिकेची देणगी. मिझुरी राज्यातील होलिस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते त्यांना मिळाले. टोकांवरच्या कॅममुळे, म्हणजे लंबगोल चाकांमुळे, पूर्ण ओढीला भार एकदम उतरतो. 60 पौंडांचे धनुष्य 80 टक्के सूट देत असेल, तर हातावर 12 पौंडच राहतात. हरणाने मान वळवेपर्यंत शिकारी थांबू शकतो तो यामुळे. मात्र या थांबण्याच्या वेळात बाण रेस्टवरून सरकता कामा नये, आणि लांबीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

अमेरिकी धनुष्यउद्योगाच्या प्रमाणानुसार ओढीची लांबी म्हणजे नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत अडकणाऱ्या तुकड्याच्या) खाचेपासून धनुष्याच्या मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचे अंतर, अधिक पावणेदोन इंच. 29 इंच ओढीच्या माणसाच्या बाबतीत खाच ते मुठीचा खोल बिंदू हे खरे अंतर सव्वासत्तावीस इंच भरते. आजच्या बहुतेक धनुष्यांत रेस्ट साधारण याच बिंदूच्या वर येतो. म्हणजे बाण सव्वासत्तावीस इंचांपेक्षा आखूड असेल, तर पूर्ण ओढीला त्याचे टोक रेस्टच्या मागे घसरेल. ही चूक माफ होणारी नाही. घसरलेला बाण सुटला की तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. म्हणून दांडी रेस्टच्या पुढे किमान अर्धा ते एक इंच असावीच लागते, आणि या माणसासाठी सव्वाअठ्ठावीस इंच ही विचार करण्याजोगी लांबी ठरते. ओढ अजून पक्की न झालेल्या नवशिक्याने किंवा वाढत्या वयाच्या मुलाने आणखी इंच-दोन इंच राखून ठेवावे. कापलेली दांडी वाढवता येत नाही.

लांबी मोजताना नॉकच्या खाचेच्या तळापासून दांडीच्या कापलेल्या टोकापर्यंत मोजतात. पुढचे टोक, इन्सर्टची (टोक बसवायला दांडीत घातलेल्या नळीची) कड, पाती यातले काहीही धरत नाहीत. सांगणाऱ्याने टोकासह मोजून सांगितले आणि कापणाऱ्याने टोकाशिवाय कापले, तर सगळा डझन वाया जातो. आकड्याऐवजी खूण देणे उत्तम. लांब, न कापलेला बाण लावून धनुर्धराने लक्ष्याकडे तोंड करून पूर्ण ओढ घ्यावी, दुसऱ्याने बाजूला उभे राहून रेस्टच्या पुढच्या कडेशी दांडीवर पेनने रेघ मारावी. तीच ओढ तीन वेळा घ्यायला लावावी. तीनही रेघा एका जागी पडल्या नाहीत, तर आधी माणसाची ढब सुधारायची, करवतीला हात नंतर लावायचा.

शिकारी बाणाला आणखी एक अट आहे. त्याच्या पुढे ब्रॉडहेड असते, म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेची पाती. काही रायझर, म्हणजे धनुष्याचे मुठीचे मधले ताठ भाग, बरेच मागे कोरलेले असतात आणि त्यांवर आखूड बाण चालतो. पण पूर्ण ओढीला पाती रायझरच्या आत, बोटांच्या वर येत असतील, तर ती लांबी सोडून द्यावी. थंडीत, जाड हातमोजा घालून, झाडावरच्या मचाणावर तर्जनी नेमकी कुठे असेल याची खात्री कोणी देऊ नये. इथे अर्धा इंच जादा ठेवण्याने काहीच बिघडत नाही.

लांबी बदलली की बाणाचा ताठपणा, म्हणजे ‘स्पाइन’, बदलतो. आधुनिक प्रमाणात 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवून मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगतात. ती 0.400 इंच वाकली तर 400 स्पाइन, 0.340 वाकली तर 340. आकडा लहान तितकी दांडी ताठ. ही स्थिर मोजणी झाली. सुटताना बाण कसा वागेल हे लांबी, टोकाचे वजन आणि धनुष्याची ताकद मिळून ठरवतात. निवडीच्या तक्त्यांत बाण एक इंच लांब झाला, तर तो ओढभार सुमारे 5 पौंड वाढल्यासारखा धरतात. सुरक्षिततेसाठी लांबी राखली, पण स्पाइन तीच ठेवली, तर तो बाण मऊ पडेल. त्यामुळे क्रम असा: आधी रेस्ट, मग लांबी, मग टोकाचे वजन, आणि शेवटी स्पाइन.

1980 च्या दशकात याच्या उलट ओढा होता. रेस्ट मुठीच्या बराच मागे, मनगटावर येईल असा बसवायचा आणि बाण कित्येक इंच आखूड करायचा. याला ‘ओव्हरड्रॉ’ म्हणत. आखूड बाण हलका, म्हणून वेगवान. त्या काळच्या जड ॲल्युमिनियम दांड्यांच्या बाबतीत हा लाभ खरा होता. पण मूठ किंचित पिळली गेली तरी धनुष्य मुठीच्या बिंदूभोवती फिरते, आणि रेस्ट त्या बिंदूपासून जितका लांब तितका बाण बाजूला ढकलला जातो. चांगल्या दिवशी मिळालेला वेग थरथरत्या हाताच्या दिवशी नेम घालवायचा. कार्बन दांड्यांत एका इंचाचे वजन 9 ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त. तेवढे कमी करून सेकंदाला फार तर 3 फूट वेग वाढतो. शिकारीत त्यासाठी नेमाची स्थिरता देऊन टाकणे मला सर्वस्वी गैर वाटते. चुकीच्या जागी लागलेला बाण जनावराला मैलभर पळवतो आणि तासन्‌तास तडफडवतो.

शिकारीसाठी आज मुख्यतः दोन प्रकारचे रेस्ट वापरतात. एक बंदिस्त. त्यात ताठ केसांच्या वलयातून बाण आरपार जातो. धनुष्य कसेही कलले तरी बाण पडत नाही, मचाणावर चढताना धीर येतो आणि बिघडणारा हलता भागच नसतो. पिसे केसांवर घासतात, त्यामुळे थोडा वेग जातो आणि पिसे लवकर झिजतात. दुसरा प्रकार ‘ड्रॉप-अवे’, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा. यातही दोन रीती आहेत. एकीत ओढताना खाली जाणाऱ्या केबलला दोरी बांधतात आणि ती रेस्ट वर उचलते. दुसरीत दोरी लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला, बांधलेली असते. धनुष्य विसावले असताना ती रेस्ट खाली दाबून धरते, ओढताच सैल पडते आणि स्प्रिंग त्याला वर नेते. दुसऱ्या रीतीत बाणाला आधार जास्त वेळ मिळतो. केबलच्या रीतीत दोरीचा ताण असा ठेवतात, की ओढीचा शेवटचा इंच-दोन इंच उरला असताना रेस्ट पुरता वर आलेला असेल. लवकर वर आला तर दोरीवर नाहक ताण येतो, उशिरा आला तर बाण आधाराविना राहतो.

उंची बसवताना रायझरमधील रेस्टच्या बोल्टचे भोक हीच खूण. बाण बाजूने पाहता त्या भोकाच्या मध्यावरून जावा आणि धनुष्याच्या दोरीशी काटकोन करावा, फार तर नॉक एक सूत (इंचाचा आठवा भाग) वर. आडव्या दिशेत रायझरच्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंत साडेसहा सूत, म्हणजे 13/16 इंच, ही सुरुवातीची जागा. शेवटची जागा कागद सांगतो. चौकटीत ताणलेल्या कागदातून पाच-सहा फुटांवरून बाण सोडायचा आणि भोक वाचायचे. पिसांची फाट टोकाच्या भोकाच्या वर गेली असेल, तर रेस्ट किंचित वर घ्यावा किंवा नॉकची जागा खाली आणावी. एका वेळी पाव सुताहून जास्त हलवू नये आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

फाट हट्टाने तशीच येत असेल, तर पिसे रेस्टला लागत असण्याची शंका घ्यावी. पिसांवर आणि रेस्टवर पावडर फवारून बाण सोडला, की पुसलेला पट्टा डोळ्यांसमोर येतो. कधी नॉक थोडे फिरवले की भागते, कधी दोरीचा ताण बदलावा लागतो.

ब्रॉडहेडची परीक्षा यानंतर. 20 यार्डांवरून साध्या टोकाचे आणि ब्रॉडहेडचे बाण आळीपाळीने सोडतात. पुढची पाती हवा कापताना सुकाणूसारखी वळतात, म्हणून साध्या टोकाने झाकून टाकलेला दोष इथे उघडा पडतो. ब्रॉडहेडचा गट डावीकडे पडला, तर रेस्ट उजवीकडे, म्हणजे साध्या टोकांच्या गटाच्या दिशेने, बारीक पावलांनी सरकवतात. दोन्ही गट एकत्र येईपर्यंत ही कसरत चालते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. इथे कंपाउंड धनुष्य लक्ष्यवेधाचे साधन आहे आणि महाराष्ट्राने त्यात मोठे नाव कमावले आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडचे विश्वविजेते झाले. लक्ष्यवेधात ब्रॉडहेड नाही, मचाण नाही, म्हणून तिथे बाण बहुधा पोलादी पट्टीच्या उघड्या रेस्टवर टेकतो. मात्र मुठीचा खोल बिंदू, पावणेदोन इंचांचा हिशेब आणि रेस्टच्या पुढचा इंच तिथेही तेच.

दांडी वेगाने फिरणाऱ्या घासचक्राच्या करवतीनेच कापतात. पाइप कापायच्या कटरने कार्बनचे तंतू चिरडतात. धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून मास्क हवाच. टोक काटकोनात घासले नाही, तर ब्रॉडहेड तिरके बसते. प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून, फिरवून कान देतात. ‘कट्’ असा आवाज आला किंवा बोटाला चीर लागली, की तो बाण मोडून टाकतात. नव्या दोऱ्या सुरुवातीला थोड्या ताणतात, त्यामुळे ड्रॉप-अवे रेस्टची वेळही सरकते. म्हणून जुळणी झाल्यावर कॅमवर आणि रेस्टच्या दोरीवर पेनने खुणा करून ठेवतात आणि पहिल्या शंभर-दोनशे बाणांनंतर त्या पुन्हा तपासतात.