मास्तरांचा मोबाइल नेमका कुणाचा?

शिक्षकांनी समाजमाध्यमांवर काय टाकावं आणि काय नाही, यावर शिक्षकखोल्यांत पुन्हा चर्चा रंगली ती 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयामुळे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारच्या धोरणांवर टीका करू नका, वैयक्तिक खात्यावर पदनाम किंवा बोधचिन्ह वापरू नका, असं त्यात म्हटलं आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात, म्हणजे जिल्हा परिषदेचे गुरुजी आपसूक आलेच. वाचायला हे सोपं आहे. अडचण एवढीच, की शाळेत ही दोन्ही खाती एकाच फोनमध्ये नांदतात आणि तो फोन गुरुजींनी स्वतःच्या पगारातून घेतलेला असतो.

हे असं झालं कसं, ते पाहायला दहाएक वर्षं मागं जावं लागतं. पूर्वी टपाल केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत यायचं आणि माहितीचा तक्ता कुणाच्या तरी हाती पंचायत समितीत जायचा. त्याच सुमारास उत्साही शिक्षक स्वतःहून स्मार्टफोनकडे वळले होते. वर्गणी काढून प्रोजेक्टर घ्यायचा, कवितेला चाल लावून व्हिडिओ करायचा आणि तो दुसऱ्या तालुक्यातल्या मित्राला पाठवायचा, असा तो काळ. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, शाळाशाळांमध्ये चढाओढ लागली आणि उपक्रमांचे फोटो ग्रुपवर पडू लागले. 2016 मध्ये व्हॉट्सॲपच्या ग्रुपची मर्यादा 100 वरून 256 झाली, त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं. नेमका शिक्षक दिन! डेटा स्वस्त झाला आणि केंद्रशाळेचा, तालुक्याचा, संघटनेचा, पालकांचा असे ग्रुप वाढत गेले.

माझ्या मते खरा बदल इथं झाला. हौसेनं हाती घेतलेलं साधन कार्यालयाचं झालं. नोव्हेंबर 2016 मध्ये तर दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या शाळांची माहिती भरायच्या ऑनलाइन प्रणालीवर टाकण्याचा आदेश निघाला. रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या गुरुजींनी त्यावर काय म्हटलं असेल, ते इथं छापण्याजोगं नाही. विरोधानंतर योजना बारगळली, पण फोटो म्हणजेच पुरावा ही सवय राहिली. आजही वृक्षारोपण असो की पोषण आहाराचं ताट, अक्षांश-रेखांशाची पट्टी असलेला फोटो लागतो. गॅलरीत लेकीच्या वाढदिवसाच्या केकला लागूनच खिचडीचा टोप असतो.

चांगलंही घडलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढं बालभारतीच्या पुस्तकांवरही ते आले. 2020 मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि 10 लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या नऊ शिक्षकांना वाटली. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरूनच घरोघर पोचली. घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, म्हणून मुलं गृहपाठाचा फोटो रात्री पाठवायची. गुरुजींचा नंबर गावभर झाला तो तेव्हाच, आणि तो परत घेता येत नाही.

मुलांच्या चेहऱ्यांचा प्रश्न मात्र बराच काळ कुणी विचारला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली. परिपाठाचा रील हौसेनं आपल्या खात्यावर टाकणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचायला हवं. रील करायला वर्गातला वेळ जातो, ही पालकांची कुरकुरही खोटी नाही.

2024 मध्ये संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होतील हे ठरवणाऱ्या निकषांविरुद्ध आंदोलन झालं, तेव्हा शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या आणि प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुपमधून ते ‘लेफ्ट’ही झाले. 2025 चा शासन निर्णय वैयक्तिक खातं वेगळं ठेवायला सांगतो आणि कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायची मुभाही देतो. म्हणजे रात्री नऊ वाजता ‘अत्यंत तातडीचे, उद्या 10 पर्यंत माहिती सादर करावी’ हा मेसेज येणार तो त्याच फोनवर.