सिक्वेन्शियलवर टिक केलं म्हणजे ऑन-डिमांड झालं नाही

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या आठवड्यात पुन्हा तेच. गणपतीतल्या नाटकाचं दोन तासांचं चित्रीकरण, १.८ जीबीची फाइल, टॉरंट करून सगळ्यांना दिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अरे, ९० टक्के आलंय, मग नाटक तिसऱ्या मिनिटाला का अडतंय?" लगेच कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं, "सिक्वेन्शियल डाउनलोडवर टिक करा, झालं स्ट्रीमिंग." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

टॉरंट म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांच्या संगणकांवरून घेणं-देणं. सिक्वेन्शियल म्हणजे ते तुकडे पहिल्यापासून क्रमाने घेणं, आणि ऑन-डिमांड म्हणजे ज्याला हवं तेव्हा, हवं तिथून लगेच बघता येणं. खरी गल्लत तुकड्यांच्या क्रमात आहे.

ब्रॅम कोहेनचं २००१ सालचं बिटटॉरंट सगळ्यात दुर्मीळ तुकडा आधी घेतं. तो ज्याच्याकडे आहे तो निघून गेला, तर सगळ्यांचीच फाइल अडते. म्हणून काकूंच्या स्क्रीनवरची पट्टी दात पडलेल्या बोळक्यासारखी दिसत होती. फाइल साठवायला ते चालतं. बघायचं असेल तर प्रत्येक तुकड्याला मुदत असते. आमच्या नाटकाला सेकंदाला २५० केबी लागतात, म्हणजे १ एमबीचा तुकडा ४ सेकंद पुरतो. पुढचा पाचव्या सेकंदाला आला, तर चित्र थांबलंच.

मग क्रमानेच घ्या ना? गोची तिथेच आहे. ठाणे-वाशी लोकल डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक स्टेशनावर एक तुकडा मिळतो असं धरा. तुम्ही ऐरोलीला, मी पुढे कोपरखैरण्याला. तुम्हाला लागणारे तुकडे माझ्याकडे आहेत, पण तुमच्याकडे मला देण्यासारखं काहीच नाही. टॉरंट चालतं ते "तू दे, मी देतो" यावर. सगळेच क्रमाने घेऊ लागले, की पुढचा नुसता देतो, मागचा नुसता मागतो, आणि वाशीचा तुकडा मोजक्यांकडेच राहतो. थेट प्रक्षेपणात सगळे एकाच गाडीत असतात, त्यामुळे तिथे हे इतकं जाचत नाही. ऑन-डिमांडमध्ये प्रत्येकाची गाडी वेगळी, शिवाय एखादा मधली स्टेशनं गाळून थेट तुर्भ्याला उडी मारतो.

म्हणून ऑन-डिमांडची व्यवस्था मुळातच वेगळी बांधावी लागते. आत्ता लागणारे थोडे तुकडे क्रमाने, त्यापुढचे दुर्मीळ आधी. मुदत हुकतेय असं दिसलं, की तुकडा सरळ सर्व्हरकडून. आणि बघून झालेलं लगेच पुसायचं नाही! प्रेक्षकांच्याच संगणकांवरून व्हिडिओ पोचवणाऱ्या चीनच्या पीपीलाइव्हच्या ऑन-डिमांड सेवेत प्रत्येक प्रेक्षकाच्या डिस्कवर १ जीबीपर्यंत जागा राखलेली असे. आधी पाहिलेले सिनेमे तिथून इतरांना जात. आजचा सिनेमा बघताना परतफेड कालच्या सिनेमाने करायची. माझ्या मते सगळी मेख या साठ्यात आहे, टिकच्या चौकटीत नाही.

काकूंना म्हटलं, टिक करू नका. रात्रभर चालू राहू दे, सकाळी चहा घेत सलग बघा. आणि बघून झालं तरी टॉरंट बंद करू नका, चौथ्या मजल्याचं अजून निम्मंच आलंय.