झूम पायांनी होत नाही

एकाच फोकल लेंग्थची (जवळ-लांब न होणारी) प्राइम लेन्स घ्यावी की फोकल लेंग्थ बदलता येणारी झूम, असं कुणी विचारलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘प्राइम घे, झूम पायांनी कर’, म्हणजे चालत जवळ जा. मला तो पटत नाही. ऐरोलीजवळच्या ठाणे खाडीत तो का चुकतो, ते साध्या गणितानेही कळतं.

समजा, रोहित पक्ष्यांचा थवा १०० मीटरवर आहे आणि त्यांच्या मागच्या इमारती २ किलोमीटरवर. फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारा आकडा, ३०० वरून ६०० मिलिमीटर केली, तर पक्षी दुप्पट मोठे दिसतात आणि इमारतीही. ३०० मिलिमीटरच ठेवून ५० मीटर पुढे गेलो, तरी पक्षी दुप्पट होतात. इमारती मात्र जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतात. पहिल्या फोटोत पक्ष्यांमागे शहर उभं ठाकतं, दुसऱ्यात ते मागेच राहतं. जवळच्या-लांबच्या वस्तूंचं हे प्रमाण कॅमेरा कुठे आहे यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातला किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. आणि खाडीत पुढे जाणार कुठे? खाली गाळ, बोट भरतीच्या वेळा सांभाळून चालणारी, आणि फार जवळ गेलं तर थवा उडतो. २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेल्या या खाडीत तसं करूही नये. इथे झूमच हवी.

झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. फोकल लेंग्थ बदलताना काचांचे गट आतल्या आत सरकतात आणि प्रत्येक ठिकाणी प्रतिमा रेखीव राहावी म्हणून काचा वाढवाव्या लागतात. लेप नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. असे २० पृष्ठभाग ओलांडले की निम्म्याहून कमी प्रकाश उरतो. १९३५ साली झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा लेप शोधला, म्हणून पुढे इतक्या काचांच्या लेन्स व्यवहारात आल्या. स्थिरचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोइग्टलेंडरची झूमार, आली १९५९ मध्ये.

लेपाने हा प्रश्न सुटला, पण लेन्समधून उजेड आत येतो त्या छिद्राचा उरलाच. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास; तो जितका लहान, तितका उजेड जास्त. ५० मिलिमीटर, एफ १.८ च्या स्वस्त प्राइमचं छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचं. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ झूमचं, ५५ ला एफ ५.६ वर, जेमतेम १०. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, पडणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेत जवळपास दहापट फरक! दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राम मारुती रोडवर उजाडायच्या आत फोटो काढायचे, तर प्राइमला सेकंदाचा शंभरावा भाग पुरेल तिथे या झूमला दहावा भाग लागेल, आणि हसणारा, वळणारा चेहरा तेवढ्यात पुसट होतो. प्राइम घ्यायची ती यासाठी. फक्त लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची चौकट फार अरुंद होते, आणि त्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते. तिथे ३५ ची प्राइम जास्त कामाची.