जामीन मंजूर झाला, पण भरायला पैसे नाहीत? गरीब बंद्यांसाठीची मदत अशी मिळते

जामिनाचा आदेश झाला की माणूस संध्याकाळपर्यंत घरी येईल, असं घरच्यांना वाटतं. पण आधी रोख रक्कम भरावी लागते, नाहीतर ऐपतदार जामीनदार उभा करावा लागतो. हातावर पोट असलेल्या घराला यातलं काहीच जमत नाही आणि जामीन मिळालेला न्यायबंदी (खटला अजून चालू असलेला कैदी) आतच राहतो. अशांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना आर्थिक साहाय्य देणारी योजना आणली. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत चालते. हे कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

कोणाला मिळते?

जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी सुटका न झालेल्या न्यायबंद्यांना, आणि शिक्षा भोगून झाली तरी दंड भरता न आल्यामुळे अडकलेल्या शिक्षाबंद्यांना. २०२३ च्या कार्यपद्धतीत या योजनेच्या जिल्हा समितीला न्यायबंद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मंजूर करता येत होती. त्यावरची प्रकरणं राज्यस्तरीय समितीकडे जायची. मर्यादा बदलू शकते, तेव्हा चालू आकडा प्राधिकरणाच्या सचिवांनाच विचारा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ (एनडीपीएस) आणि यूएपीए (बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक) या कायद्यांखालच्या आरोपींना ही मदत नाही.

प्रक्रिया

आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. मग परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), सामाजिक कार्यकर्ते किंवा कारागृहाला भेट देणारे वकील यांच्या मदतीने घरच्या परिस्थितीची चौकशी होते. प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं. पैसे कुटुंबाच्या हातात येत नाहीत, ते थेट न्यायालयात जमा होतात.

कागदावर हे आपोआप व्हायला हवं. तरी माझं कळकळीचं सांगणं आहे की वाट पाहत बसू नका. आठव्या दिवशी साधा अर्ज लिहून सचिवांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात बंद्याचं नाव, कारागृह, बंदी क्रमांक, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, न्यायालय, खटल्याचा क्रमांक, जामिनाची तारीख आणि रक्कम हवी. सोबत आदेशाची प्रत, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला असल्यास तो, आधार आणि घरात कमावतं कोण आहे याची माहिती जोडा. एखादा कागद नसला तरी अर्ज अडवून ठेवू नका.

जामीनदारच मिळत नसेल तर

जामीनदाराकडून बहुधा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, पगारपत्रक, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड आणि फोटो मागतात. मुंबईत किंवा पुण्यात पकडल्या गेलेल्या परप्रांतीय मजुराकडे यातलं काय असणार? मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या १९७८ च्या खटल्यात नेमकं हेच झालं होतं. एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन सांगितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं आणि त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर (लेखी हमीवर) सोडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही, महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असं म्हटलं आहे. तेव्हा रक्कम कमी करण्याचा किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच मुचलक्यावर सोडण्याचा अर्ज वकिलामार्फत जरूर करा.

वकिलाच्या फीची चिंता नको. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. न्यायालयाबाहेर पैसे घेऊन जामीनदार पुरवणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. खोटे कागद उघडकीला आले तर जामीन रद्द होऊ शकतो आणि नवा गुन्हा मागे लागतो.

सुटल्यावर खटल्याची एकही तारीख चुकवू नका, कारण गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. काही अडलं तर विधी सेवेची मोफत हेल्पलाइन १५१०० वर फोन करा.