दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून इन्फ्लेक्शन पॉइंट?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांच्या वह्यांत एक ओळ वर्षानुवर्षं फिरते: दुसरं डेरिव्हेटिव्ह (उतार बदलण्याचा दर) शून्य आलं की तिथं इन्फ्लेक्शन पॉइंट, म्हणजे आलेखाचा वाक बदलतो तो बिंदू. चूक. शून्य आलं तर फक्त संशय घ्यायचा. दोन्ही बाजूंना त्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह बदलतं का, ते तपासायचं.

क्ष⁴ घ्या. दुसरं डेरिव्हेटिव्ह १२क्ष². क्ष = ० ला ते शून्य, पण अलीकडं-पलीकडं धनच. म्हणजे आलेख आधीही वर उघडा, नंतरही. क्ष³ चं मात्र ६क्ष: डावीकडं ऋण, उजवीकडं धन. इथं वाक खरोखर बदलतो. चोर्ला घाटात स्टिअरिंग क्षणभर सरळ झालं म्हणून वळण उलटलंच असं नाही. कधी पुन्हा त्याच हाताला वळवावं लागतं.

घनमुळाची तर गंमतच. शून्यापाशी दुसरं डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही, तरी वाक बदलतो! वहीतली ओळ हा बिंदू शोधणारच नाही.

इन्फ्लेक्शन पॉइंटपाशी उतार शून्यच हवा, हेही खोटं. चढ-उतार पहिल्या डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे उताराच्या, चिन्हावर ठरतो, वाकाशी त्याचा संबंध नाही. क्ष³ + क्ष चा उतार शून्यापाशी १ आहे. आलेख सगळीकडं चढताच, पण शून्याआधी खाली वाकलेला, नंतर वर.