रबरी राक्षसांचं मूळ गाव

पाठीवरची शिवण दिसते, जबडा नुसता वर-खाली होतो, शेपटी ओढणारी तार उजेडात चमकून जाते. तरीही पडद्यावरचा तो राक्षस गुहेतून बाहेर आला की सिनेमाच्या तंबूतली लेकरं आईच्या पदराआड शिरतात आणि मोठी माणसं बोलणं थांबवून सरळ बसतात. थोडक्या पैशांत काढलेल्या अद्भुत साहसपटांची ही ताकद मराठवाड्यानं भरपूर अनुभवली आहे. समीक्षकांनी हे चित्रपट हलक्या दर्जाचे ठरवून बाजूला ठेवले. मला ते मान्य नाही. या रबरी जनावरांमागे शंभर वर्षांची हातांची कारागिरी आहे आणि तिच्याही मागे दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट सांगण्याची रीत आहे. त्या रीतीचा मोठा हिस्सा आपल्याच गोदाकाठचा आहे.

गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ मूळ रूपात उरलेली नाही, पण परंपरा त्याला प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारी ठेवते. त्यानं सात लाख श्लोकांची कथा पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्तानं लिहिली. पिशाचांच्या भाषेतलं रक्ताळलेलं बाड राजानं नाकारलं. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला आणि पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत जाळू लागला. जनावरं चरणं सोडून ऐकत राहिली. राजा धावत आला तोवर एकच लाख श्लोक शिल्लक होते. पुढे ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आल्या, आणि त्या गोष्टींतला राजा त्रिविक्रमसेन कुठला, तर गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. रोज फळ आणून देणारा भिक्षू, फळातून निघणारं रत्न, रात्रीचं स्मशान, झाडाला लटकणारं प्रेत, खांद्यावर बसून बोलणारा वेताळ. अद्भुत साहसपटाला लागणारं सगळं सामान इथंच जमलेलं आहे. मराठी ‘चांदोबा’ १९५२पासून निघू लागला, तेव्हा हाच वेताळ मासिकातून परत आपल्या घरी आला. राजाच्या खांद्यावर प्रेत असलेलं ते चित्र ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांना ते अजून डोळे मिटून दिसतं.

गोष्टीबरोबर चित्रही इथलंच. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात, ५व्या शतकात रंगवलेली सिंहलाची कथा आहे. पाचशे व्यापारी समुद्रसफरीला निघतात, जहाज फुटतं, बेटावर सुंदर बायका त्यांना आसरा देतात. रात्री कळतं की त्या राक्षसिणी आहेत. उडणारा पांढरा घोडा सिंहलाला सोडवतो, पण एक राक्षसीण त्याच्या मागोमाग थेट राजवाड्यात शिरते. शेवटी सिंहल हत्ती-घोड्यांचं सैन्य घेऊन बेटावर चाल करतो. जहाज, बेट, रूप बदलणारा शत्रू, उडणारं जनावर, शेवटची लढाई. हॉलिवूडनं सिंदबादच्या सफरी पडद्यावर आणल्या त्यात याहून वेगळं काय होतं? तिथल्याच २६व्या लेण्यात बुद्धावर चालून आलेली, मोहात पाडणाऱ्या ‘मार’ या दैत्याची फौज दगडात कोरलेली आहे. मला तरी ती अक्राळविक्राळ गर्दी पाहताना त्या कारागिरांना राक्षस घडवण्यात आनंद वाटला असणार याची खात्री पटते.

नाथांच्या भारुडांत भूत येतं, सोंगाड्या तोंडाला रंग फासून चौकात उतरतो. समोरचं सोंग गावातल्याच ओळखीच्या माणसानं घेतलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानं भीती कमी होत नाही. तंबूत बसलेला प्रेक्षक ही सवय घरूनच घेऊन आला होता, म्हणून रबराची शिवण त्याला कधी टोचली नाही.

तंबू का, तर पक्की थिएटरं बहुतेक जिल्ह्याच्या नाहीतर बाजारपेठेच्या गावी. खेड्यात सिनेमा यायचा तो यात्रेबरोबर. माळेगावच्या खंडोबासारख्या मोठ्या यात्रांत तमाशाच्या फडांच्या शेजारी टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. भोंग्यावरून दिवसभर पुकारा, खाली जमिनीवर बैठक, बायकांना वेगळी बाजू, बाहेर धडधडणारा जनरेटर. शहरांत चालून चालून ओरखडे पडलेली प्रिंट इथं यायची. निवड करताना तंबूवाल्याचा हिशेब साधा असे. दिवसभर बाजार करून दमलेल्या, हिंदी अर्धवट कळणाऱ्या माणसाला संवाद सुटला तरी गोष्ट कळली पाहिजे. म्हणून देवादिकांचे, मारधाडीचे आणि जादूचे चित्रपट. राक्षस कुठल्याही भाषेत राक्षसच असतो.

पडद्यावर त्याला जिवंत करण्याचं काम आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांपासून सुरू झालं. फाळके जादूचे प्रयोगही करत, स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांनी आपली लेक मंदाकिनी हिला कृष्ण केलं आणि पाण्याखाली नागाशी झुंजवलं. त्यानंतरचं मोठं नाव बाबूभाई मिस्त्री. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) साठी त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखवला आणि ‘काला धागा’ हे नावच त्यांना चिकटलं. पुढे होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्समध्ये ‘हातिमताई’सारखे (१९५६) चित्रपट त्यांच्या करामतींवर उभे राहिले. पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा, म्हणून दोरा, आरसा, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण आणि छोटे देखावे यांवरच भागवायचं. या अडचणीतूनच त्या चित्रपटांचं रूप घडलं.

रबराचा खरा पराक्रम मात्र जपानचा. मार्च १९५४मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. जग त्याला गॉडझिला म्हणून ओळखतं. दिग्दर्शक इशिरो होंडा, करामती एजी त्सुबुराया यांच्या. त्सुबुरायांना ‘किंग काँग’सारखा (१९३३) बाहुला एकेक चौकट हलवून चित्रपट करायचा होता, पण तेवढा वेळ नव्हता. मग माणसालाच पोशाखात घातलं. पहिला पोशाख सुमारे १०० किलोचा, त्यात धड चालता येईना, म्हणून दुसरा हलका बनवावा लागला. आत हारुओ नाकाजिमा होते. दिव्यांच्या उष्णतेत, घामानं निथळत, ते छोट्या टोकियोतून चालत गेले. कॅमेरा वेगानं फिरवून घेतलेलं चित्रण नेहमीच्या गतीनं दाखवलं की तेच चालणं जड आणि सावकाश वाटतं, आणि माणूस डोंगराएवढा होतो. अणुबॉम्बची होरपळ सोसलेल्या देशानं आपलं दुःख रबराच्या कातड्यात शिवलं. अशा चित्रपटाला पोरखेळ म्हणायला माझी जीभ धजत नाही.

अमेरिकेत रे हॅरीहाउसेन यांनी दुसरा रस्ता धरला. लोखंडी सांध्यांचा सांगाडा, वर फेसाळ रबराची कातडी, आणि सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबानं ती बाहुली केसभर केसभर हलवत राहायचं. ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९५८) मधला एकडोळ्या राक्षस असाच जन्मला. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३) मधली सात सांगाड्यांची लढाई पडद्यावर काही मिनिटांत संपते, पण तिला चार महिन्यांहून जास्त काळ लागला. १९७३च्या सिंदबादपटात त्यांनी सहा हातांच्या कालीमातेच्या मूर्तीला तलवारी देऊन लढवलं. आपल्या देवीचा असा उपयोग कुणाला खटकेल, पण त्या सहा हातांची लय बघताना मी दरवेळी थक्क होतो. ब्रिटनच्या ॲमिकस कंपनीनं १९७०च्या दशकात एडगर राइस बरोज यांच्या कादंबऱ्यांवर ‘द लँड दॅट टाइम फरगॉट’, ‘ॲट द अर्थ्स कोअर’ असे चित्रपट काढले. त्यांच्याकडे हॅरीहाउसेनसारखा वेळ नव्हता. पंख ताठ ठेवून तारेवर लोंबकळणारे उडते सरडे आणि पोशाखातली माणसं एवढ्यावर त्यांनी पाताळ उभं केलं, आणि धावपळीत ते खरं वाटतं.

कृती थोडक्यात अशी. आधी मातीत राक्षस घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, रबराच्या झाडाचा चीक घुसळून फेस करायचा, साच्यात ओतून भट्टीत भाजायचा. आपल्या गणपतीच्या कारखान्यांत साचा रबराचा असतो आणि मूर्ती प्लास्टरची निघते. इथं नेमकं उलटं. रंग, केस, दात सगळं नंतर हातानं.

१९८०नंतर तंबूची जागा व्हिडिओनं घ्यायला सुरुवात केली. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि देवळासमोर रात्रभर दोन-तीन चित्रपट पाहायचे, ही चाल गावोगाव पडली. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) याच काळातला. तो भयपट, पण त्यातला सामरी हा राक्षस मुखवट्याच्या त्याच घराण्यातला. १९८५मध्ये दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आलं, तेव्हा पैठणचा वेताळ पुन्हा एकदा परतला.

मराठीत हे बळ महेश कोठारे यांनी दाखवलं. ‘धडाकेबाज’ (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो, आणि त्यात बाटलीत राहणारा गंगाराम आहे. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला. ते अर्धवटरावाचे जनक य. के. पाध्ये यांचे चिरंजीव, म्हणजे बोलक्या बाहुल्यांची परंपराच चित्रपटात आली. मराठी चित्रपटाच्या बेताच्या खर्चात जन्मलेला तो बाहुला आजही पोरांना नावानं ठाऊक आहे.

‘जुरासिक पार्क’ १९९४मध्ये हिंदीत बोलू लागला आणि संगणकी डायनासोर गावोगाव पोचले. लोक विसरतात ते हे की त्यातलाही मोठा डायनासोर कित्येक दृश्यांत स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत बनलेला रबरी कातडीचाच होता. पावसाच्या चित्रणात ती कातडी पाणी पिऊन इतकी जड झाली की यंत्र थरथरू लागलं, आणि मंडळींना ती पुसून पुसून वाळवावी लागली. त्यानंतर हळूहळू चीक, साचा आणि भट्टी मागे पडली.

घरातल्या लेकरांना हे जग दाखवायचं असेल तर माझं सांगणं आहे की १९५८चा सिंदबाद आधी दाखवा, त्यातला राक्षस कसा हलवला ते समजावून सांगा, मग १७व्या लेण्यातल्या सिंहलाच्या भिंतीसमोर त्यांना उभं करा. जहाज आणि राक्षसिणी त्यांना स्वतःच शोधू द्या. अजिंठा सोमवारी बंद असतो, तेवढा वार टाळून निघा.